राज्य आणि सरकार: दोन दिवस कशाला?

"मॅडम, राज्य आणि सरकार यांतला फरक दोन ओळींत लिहून द्या ना, दोन दिवस कशाला?" स्पर्धा परीक्षेच्या माझ्या वर्गात दर बॅचला हेच. आता पालकही फोन करून विचारतात.

दोन ओळी देतेच मी. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व मिळून राज्य. शासन, म्हणजे सरकार, हा त्यातला एक घटक, तो बदलतो. पूर्वपरीक्षेला बहुतेक वेळा एवढं पुरतं, हे मी कधीच नाकारलं नाही. पहिली सहा वर्षं मीही एवढ्यावरच भागवलं. केशवानंद भारती खटला 1973, निकाल 7 विरुद्ध 6. 42 वी घटनादुरुस्ती 1976. मुलं घोकायची, मार्क पडायचे.

एकदा तास सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. सॅकमधून त्यानं प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला, जांभळा शिक्का पुसट झालेला. आजोबांचा प्रकल्पग्रस्त दाखला. जमीन धरणात गेली होती, पर्यायी जमीन कबूल झाली होती, मिळाली नव्हती. "मॅडम, कबूल करणारं सरकार केव्हाच गेलं. कचेरीत म्हणतात, तेव्हाच्यांना विचारा. मग हे देणं आता कुणाकडे?"

मी घड्याळ बघितलं. "हे सिलॅबसमध्ये नाही रे," म्हटलं.

त्यानं कागद जुन्याच घड्यांवर दुमडला, पिशवीत सरकवला, "थँक यू मॅडम" म्हणाला. पुढच्या महिन्यापासून तो आला नाही. का, ते मी विचारलंही नाही.

राज्यघटनेचं कलम 300 मला तेव्हा तोंडपाठ होतं. दावा लागतो तो 'महाराष्ट्र राज्य' या नावावर, मुख्यमंत्र्याच्या नावावर नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये राष्ट्रपती राजवट लागली, मंत्रिमंडळच नव्हतं, तरी त्या नावाचे दावे कोर्टात उभेच होते. त्याचं उत्तर तेच होतं आणि ते मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं.

तेव्हाची मी म्हणेल, साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाची कैफियत कुठे ऐकत बसू? खरं आहे. माझ्या उत्तरानं त्यांना जमीन मिळाली असती असंही नाही. पण कुणाच्या दारात उभं राहायचं, एवढं तरी त्याला कळलं असतं.

म्हणून दोन दिवस. त्यावर यंदा एका मुलीनं मला अडवलं. कलम 12 प्रमाणे 'राज्य' या शब्दात सरकार, संसद, विधिमंडळ, स्थानिक संस्था सगळं येतं. मग तुमचा फरक राहिला कुठे? शिवाय महाराष्ट्र सार्वभौम नाही, तरी त्यालाही आपण राज्यच म्हणतो. मी सांगितलं, ती व्याख्या घटनेच्या भाग 3 आणि 4 पुरती, म्हणजे मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वांपुरती आहे, आणि महाराष्ट्राला घटकराज्य म्हण. तिचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालं नाही. उद्या पुन्हा तिथूनच सुरुवात करणार आहे.