बोअर क्रमांक 4

माती तपासण्याच्या आमच्या कामात 'भराव' हा सगळ्यात सोयीचा शब्द आहे. निसर्गाने टाकलेला थर नसेल, माणसाने आणून ओतलेला असेल, तर बोअरच्या, म्हणजे माती तपासण्यासाठी पाडलेल्या भोकाच्या, नोंदीत 'भराव' लिहायचे, विटा दिसल्या तर 'विटांसह', राख दिसली तर 'राखेसह' एवढे जोडायचे आणि खालच्या थराकडे वळायचे. खरा रस असतो तो खालच्या थरात, कारण पाया त्यावर उभा राहणार असतो. मी हा शब्द शेकडो वेळा लिहिला आहे. 2018 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरातून जाणाऱ्या आंतरराज्य महामार्ग 94 च्या काठावर तो लिहिताना मात्र माझा हात थांबला. त्या दिवसाविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

काम साधे होते. महामार्गाच्या दक्षिण बाजूला, डेल स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीट यांच्या दरम्यान, एका जुन्या संरक्षक भिंतीच्या दुरुस्तीचा विचार चालला होता आणि तिच्यामागची जमीन कशी आहे हे आमच्या कंपनीला सांगायचे होते. शहराच्या या भागात महामार्ग जमिनीवरून जात नाही. तो खोल चरातून जातो. दोन्ही काठांवर सेवारस्ते आहेत, दक्षिणेला कॉनकॉर्डिया अव्हेन्यू आणि उत्तरेला सेंट अँथनी अव्हेन्यू. मध्ये खाली दिवसाला लाखाहून अधिक वाहने धावतात आणि काठावर उभे राहून बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो. हा महामार्ग मोंटाना राज्यातल्या बिलिंग्जपासून निघतो, फार्गो, मिनिॲपोलिस, सेंट पॉल, मिलवॉकी, शिकागो, डेट्रॉईट अशी शहरे ओलांडतो आणि मिशिगन राज्यात पोर्ट ह्युरन येथे कॅनडाच्या हद्दीपाशी संपतो. लांबी सुमारे अडीच हजार किलोमीटर. मी कित्येक वर्षे याच रस्त्याने कामावर जात होते आणि मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या दोन शहरांना जोडणारी सरळ वाट यापलीकडे त्याचा विचार कधी केला नव्हता.

बोअर घेण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्या कुठे आहेत याच्या खुणा करून घ्याव्या लागतात. त्या दिवशी सकाळी गवतावर वायूसाठी पिवळी, विजेसाठी लाल, पाण्यासाठी निळी अशा रंगांच्या रेघा आणि छोटी निशाणे लागलेली होती. तीन बोअर सुरळीत झाले. वर थोडी काळी माती आणि खाली हिमनदीने आणून टाकलेली वाळू व गोटे, जसे सेंट पॉलमध्ये बहुतेक ठिकाणी लागते. चौथ्या बोअरला वेगळेच घडू लागले.

पद्धत अशी असते : 140 पौंडांचा हातोडा 30 इंच उंचीवरून टाकत पोलादी नळी जमिनीत ठोकायची, दर 6 इंचांना किती ठोके लागले ते मोजायचे, आणि मग नळी वर काढून उभी चिरल्यासारखी दोन अर्धांत उघडायची. आतली पोकळी दीड इंचाहूनही कमी असते. एवढ्याशा झरोक्यातून आम्ही जमीन पाहतो. चौथ्या बोअरमध्ये पहिल्या दोन-तीन फुटांत स्वच्छ वाळूचा भराव होता, पण त्याखाली ठोके एकदम कमी झाले. नळी जवळजवळ स्वतःच्या वजनाने उतरू लागली. ड्रिलरने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. नळी उघडली तेव्हा आत काळसर, हलकी राख होती, विटेचा चुरा होता, आणि 6 फुटांच्या खोलीवर त्या राखेत नखाएवढा एक पांढरा तुकडा होता. बोटाने पुसला तर चिनी मातीच्या बशीची कड निघाली, तिच्यावर एक बारीक निळी रेघ. त्याखाली नळी कठीण दगडावर आपटली. तो चुनखडक होता, पण मूळ खडक तिथे एवढ्या वर असणे शक्यच नव्हते. दगड भिंतीतला होता.

मी नोंदवहीत 'भराव, विटा व राख यांसह' असे लिहिले आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "तळघर लागलं का?"

सुरक्षेसाठी लावलेल्या नारिंगी शंकूंच्या पलीकडे एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई काठी टेकून उभ्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास असावे. सकाळपासून आमचे काम पाहत असाव्यात, कारण चारही बोअर कुठे घेतले ते त्यांनी मला काठीने दाखवले. अशा वेळी नम्रपणे दोन शब्द बोलून कामाला लागायचे असा आमचा शिरस्ता आहे. पण मी अजून कोणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी अचूक ओळखली होती. मी ड्रिलरला जेवणाची सुट्टी घ्यायला सांगितले आणि शंकूंच्या बाहेर गेले.

त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. इंग्रजीत वडीलधारी माणसे 'हनी' म्हणतात तसे त्या मला म्हणत होत्या. माझ्या मनाने त्याचे 'बाळ' केले आणि त्यांना आजी केले.

ही जागा म्हणजे रॉन्डो, महामार्गासाठी उठवलेली कृष्णवर्णीयांची वस्ती, हे मला ऐकून माहीत होते. जुलै 2015 मध्ये शहराचे महापौर ख्रिस कोलमन आणि राज्याच्या परिवहन खात्याचे आयुक्त चार्ली झेल यांनी रॉन्डोच्या लोकांची जाहीर माफी मागितली होती. आमच्या बोअरच्या जागेपासून जवळच 2018 च्या जुलैमध्ये रॉन्डोचे छोटे स्मारक-प्रांगण खुले झाले होते. पण ऐकलेले नाव आणि आपण ज्यावर उभे आहोत ती जमीन यांची सांगड माझ्या डोक्यात बसली नव्हती. हे मला आज लिहितानाही टोचते, कारण कामाची पूर्वतयारी म्हणून या जागेचे सॅनबॉर्न कंपनीचे जुने आगविम्याचे नकाशे मी स्वतः मागवले होते आणि ते माझ्या टॅब्लेटमध्ये होते. जुनी इंधनटाकी किंवा कारखाना आहे का, एवढेच मी त्यात पाहिले होते.

मी तो नकाशा उघडून आजींसमोर धरला. या नकाशांत लाकडी बांधकाम पिवळ्या रंगात आणि विटांचे गुलाबी रंगात दाखवतात. राहते घर असेल तर आत इंग्रजी 'डी' अक्षर, दुकान असेल तर 'एस'. रॉन्डो अव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या चौकोनांची दाट रांग होती, डी, डी, डी, एस, डी. आजींनी चष्मा सारखा केला आणि काठीच्या हाताने एकेका चौकोनावर बोट ठेवत त्या बोलू लागल्या. हा न्हावी. इथे रविवारी चर्चनंतर आइस्क्रीम. या घरातले गृहस्थ रेल्वेच्या पुलमन डब्यांवर, म्हणजे शयनयानांवर, परिचर होते, आजींचे वडीलही रेल्वेतच, तेव्हा दोघे एकत्रच कामाला निघत. वरच्या, पश्चिमेकडच्या भागाला 'ओटमील हिल' म्हणत आणि खालच्या भागाला 'कॉर्नमील व्हॅली', कारण वर जरा बरी परिस्थिती होती. त्यांचे स्वतःचे घर कुठे होते असे मी विचारले. त्यांनी काठी उचलून चराच्या मधोमध, रिकाम्या हवेत, खालून धावणाऱ्या ट्रकच्या छपरापेक्षाही बऱ्याच वर एका जागी रोखली.

"तिथं," त्या म्हणाल्या.

चौथा बोअर त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरात उतरला होता.

त्या दिवसानंतर मी या रस्त्याचा इतिहास जमेल तेवढा वाचून काढला. 19व्या शतकात इथे राहिलेल्या जोसेफ रोंदो या फ्रेंच वळणाच्या माणसावरून रस्त्याला नाव पडले. पुढे सेंट पॉलमधल्या कृष्णवर्णीय समाजाचे ते मुख्य घर झाले. दोन शहरांना जोडणारा जलदमार्ग सेंट अँथनी अव्हेन्यूच्या रेषेने न्यावा ही कल्पना 1956 च्या बरीच आधीची. दोन्ही शहरांच्या मध्यभागांना जोडणारी ती सर्वांत सरळ रेघ होती आणि राज्याचे विधानभवनही जवळ पडत होते. पण दुसराही मार्ग कागदावर होता, आणि तो मांडणारा माणूस बाहेरचा नव्हता. जॉर्ज हेरॉल्ड हे शहराचेच नियोजन अभियंता, 1920 पासून 1952 पर्यंत. त्यांनी सुमारे एक मैल उत्तरेला, रेल्वेरुळांच्या कडेने जाणारा 'उत्तर मार्ग' सुचवला. तिथे माणसे फारच कमी उठवावी लागली असती. त्यांचे कोणी ऐकले नाही. 29 जून 1956 रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. 41,000 मैलांचे जाळे ठरले, खर्चाचा 90 टक्के भाग संघ सरकार देणार असे ठरले, आणि राज्याला दहा टक्क्यांत रस्ता मिळू लागल्यावर आखलेली रेघ बदलण्याचा विचार कोण करतो? मी स्वतः अभियंता आहे. आखणी एकदा पक्की झाली की तिच्याविरुद्ध बोलणारा सहकारी किती एकटा पडतो, हे मला कोणी सांगायला नको.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रेव्हरंड जॉर्ज डेव्हिस या वृद्ध धर्मोपदेशकाने घर सोडायला नकार दिला, तेव्हा पोलिसांनी कुऱ्हाडी आणि घण आणून घराच्या भिंती फोडल्या. पुढच्या वर्षांत 600 हून अधिक कुटुंबे गेली, दुकाने गेली. महामार्गाचा हा टप्पा डिसेंबर 1968 मध्ये सुरू झाला. एक गोष्ट मात्र रॉन्डोच्या लोकांनी झगडून मिळवली. रेव्हरंड फ्लॉइड मॅसी आणि टिमथी हॉवर्ड यांच्या पुढाकाराने त्यांनी संघटना उभारली आणि रस्ता डोक्यावरच्या पुलावरून नव्हे, जमिनीच्या पातळीखालून नेण्यास सरकारला भाग पाडले. म्हणजे मी ज्या संरक्षक भिंतीची तपासणी करत होते, ती भिंत उभी राहिली तीच या लोकांच्या मागणीमुळे. आमच्या फायलीत याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता.

आजींना मी भरपाईबद्दल विचारले. वडिलांना चेक मिळाला, त्या म्हणाल्या, पण तो घेऊन ज्या पहिल्या तीन घरांकडे ते गेले, तिथून दारातूनच परत पाठवले. घरे विकताना वर्णभेद करू नये असा संघ सरकारचा कायदा झाला तो 1968 साली, रस्ता सुरू झाला त्याच वर्षी. सरकारी प्रकल्पासाठी उठवलेल्यांना स्थलांतरासाठी मदत देणारा देशव्यापी कायदा जानेवारी 1971 मध्ये लागू झाला. आपल्या महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा 1976 साली आला आणि त्याची अंमलबजावणी कशी होते हे आपण जाणतोच, पण निदान 'प्रकल्पग्रस्त' असा एक शब्द तरी आपल्या सरकारी कागदावर आहे. रॉन्डोच्या कागदांवर मला फक्त भूखंडांचे क्रमांक दिसले.

इथून थोड्याच अंतरावर दक्षिणेला आंतरराज्य महामार्ग 35ई आहे. तोही सेंट पॉलमधून जातो, पण 1970 नंतर पर्यावरणाचे नवे कायदे हाताशी आले आणि तिथल्या रहिवाशांनी काम न्यायालयात नेले. तो तुकडा 1990 साली, अनेक अटींसह खुला झाला. आजही तिथे वेगमर्यादा ताशी 45 मैल आहे आणि 9,000 पौंडांहून जड ट्रकना मनाई आहे. एकाच शहरातल्या या दोन रस्त्यांवरून मी आता गाडी चालवते तेव्हा 45 चा फलक दिसला की मला आजींची हवेत रोखलेली काठी आठवते.

जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा आजींनी विचारले, "वहीत काय लिहिलंस?" मी वाचून दाखवले.

"नुसती राख नको लिहूस," त्या म्हणाल्या. "आग लागली होती असं वाटेल कोणाला. आगबिग काही लागली नव्हती. भट्टीची राख आहे ती. हिवाळाभर कोळसा जाळायचो आम्ही, तळघरात."

त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे बरोबर होते. मी आधीची ओळ खोडून लिहिले : 'भराव; घरगुती भट्टीतील कोळशाची राख, विटा, चिनी मातीच्या भांड्याचा तुकडा; खाली चुनखडकाची बांधीव भिंत; पूर्वीच्या निवासी इमारतीचे तळघर, रॉन्डो अव्हेन्यू.' नोंद तपासणीला गेली तेव्हा वरिष्ठांनी लाल अक्षरात, हे कशावरून, असे विचारले. मी सॅनबॉर्न नकाशाचे पान जोडले आणि ती ओळ अंतिम अहवालात तशीच राहिली.

अहवाल संपल्यावर मातीचे नमुने काही काळ ठेवून टाकून देतात. ती वेळ आली तेव्हा मी रीतसर परवानगी घेऊन चौथ्या बोअरमधली ती एक काचेची बरणी मागून घेतली आणि आजींकडे नेली. त्यांनी झाकण उघडले नाही. बरणी खिडकीच्या उजेडात फिरवत त्यांनी निळी रेघ पाहिली, मग बरणीवरची खोलीची चिठ्ठी वाचली आणि विचारले, हे 6 फूट कुठून मोजलेस? आताच्या गवतापासून, मी म्हणाले. "आमच्या अंगणापासून किती?"

जुन्या सांडपाणी-वाहिनीच्या आराखड्यावर तेव्हाच्या जमिनीची पातळी होती. ती आताच्या गवतापेक्षा दीड फूट खाली भरत होती. मी वजाबाकी करून साडेचार फूट म्हणून सांगितले. आजींनी डोळे मिटून बोटांवर मोजले.

"शेजारच्या काकूंनी मुरवलेल्या पीचच्या बरण्या आणायला मला खाली पाठवायच्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे वरून सातवी पायरी."