काकांच्या पावसाच्या एकोणीस फाइली

मुलुंडला काकांच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. २००३ च्या जूनपासून २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत, दर पावसाळ्याचे पाचही महिने, काका रोज सकाळी वर जाऊन पाणी मोजायचे आणि खाली येऊन नोटपॅडमध्ये एक ओळ लिहायचे. वर्षाला एक फाइल, अशा एकोणीस फाइली. काचबिंदूमुळे दिसणं कमी झालं तेव्हा त्यांनी हे काम थांबवलं. गेल्या मे महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "तू संख्याशास्त्र शिकवतेस. यातून काही निघतंय का बघ."

मला वाटलं, संध्याकाळभराचं काम. प्रत्यक्षात मेची सगळी सुट्टी त्यात गेली, आणि ती गेली याचं मला जराही वाईट वाटत नाही. अशा फाइली आणखी कोणाच्या घरात, दवाखान्यात, सोसायटीच्या कपाटात असतील, म्हणून काय काय झालं ते लिहून ठेवते.

पहिली फाइल मी एक्सेलमध्ये उघडली, आणि तिथेच पहिला धडा मिळाला. काका कधी दोन दिवस बाहेरगावी गेले तर परत आल्यावर दोन्ही दिवसांचं साठलेलं पाणी एकत्र मोजत आणि तारखेच्या जागी "5-6" असं लिहीत. एक्सेलने त्याची ५ जून करून टाकली, तीही जुलैच्या यादीत. न विचारता. मी ती फाइल सेव्ह न करता बंद केली, "मूळ" नावाचा फोल्डर केला, एकोणीसच्या एकोणीस फाइली त्यात ठेवल्या आणि त्यांना "फक्त वाचण्यासाठी" अशी खूण केली. यापुढे जी दुरुस्ती होईल ती कोडमधून होईल, फाइलीत हाताने एक अक्षरही बदलायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

मग "आर" हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उघडलं. तक्ता आत घेणारं त्यातलं रीड.टेबल हे फंक्शन वापरलं, कारण सेपरेटर, म्हणजे रकाने वेगळे करणारं चिन्ह, दिला नाही की ते कितीही स्पेस, कितीही टॅब एकच धरतं, आणि काकांच्या फाइलीत दोन्हींची सरमिसळ होती. लगेच तक्रार आली की सहाव्या ओळीत तीन घटक नाहीत. साहजिक होतं. काही दिवशी शेरा होता, काही दिवशी नव्हता, आणि शेरा असला तरी कधी एक शब्द तर कधी आठ. म्हणून मी "फिल" चालू केलं, म्हणजे कमी पडलेले रकाने रिकामे भरले जातात. तक्रार थांबली. फाइल गुपचूप आत आली.

खरा घोळ इथे झाला. २०१२ चे १५३ दिवस असायला हवेत, माझ्याकडे २४१ ओळी आल्या. तारखेच्या कॉलममध्ये एके ठिकाणी "खिडकीपर्यंत" हा शब्द बसला होता. रीड.टेबल किती कॉलम आहेत हे पहिल्या पाच ओळींवरून ठरवतं. त्या पाच ओळींत काकांचे शेरे छोटे होते. पुढे लांब शेरा आला तेव्हा उरलेले शब्द त्याने नव्या ओळीत टाकले. म्हणून आता मी विद्यार्थ्यांना सांगते, फाइल बिनतक्रार आत आली तर आधी ओळी मोजा.

याच्या उलट प्रकार सप्टेंबरच्या यादीत झाला होता. तिथे अकरा दिवस गायब होते. शोधत गेले तर ते सगळे एकाच खान्यात कोंबलेले सापडले. काका सरकारी कचेरीत टंकलेखक होते, इंग्रजी ४० ची परीक्षा पास झालेले. वरच्यासारखंच असेल तर खाली दुहेरी अवतरणचिन्ह टाकायचं ही त्यांची जुनी सवय. "रिमझिम" लिहिलं, दुसऱ्या दिवशी नुसतं ". सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ते अवतरणाचं सुरुवातीचं चिन्ह. पुढचं चिन्ह सापडेपर्यंत मधलं सगळं, ओळींच्या मर्यादा ओलांडून, एकच मजकूर.

मग मी हट्ट सोडला. ही तक्त्याची फाइल नाही, एका माणसाने लिहिलेली वही आहे, आणि वही आधी वाचायची असते. रीडलाइन्सने सगळ्या फाइली नुसत्या ओळी म्हणून आत घेतल्या. एक ओळ, एक मजकूर, काहीही तोडायचं नाही. एकूण ३,३१८ ओळी झाल्या.

पुढची पायरी मला सगळ्यात उपयोगी पडली. प्रत्येक ओळीचा मी साचा काढला, म्हणजे प्रत्येक अंकाच्या जागी ९, शब्दाच्या जागी क, टॅबच्या जागी बाण, आणि स्पेस जशाच्या तशा. मग कुठला साचा किती वेळा येतो ते मोजून उतरत्या क्रमाने लावलं. तीन हजारांवर ओळींचे दीडशेच्या आत साचे निघाले, आणि वरच्या वीसेक साच्यांत बहुतेक ओळी संपल्या. वर नेहमीच्या ओळी आणि तळाशी एकेकदाच आलेल्या. त्या तळाच्या मी सगळ्या डोळ्यांनी वाचल्या.

त्यातून वही उलगडली. महिन्याचं नाव एकदाच, वर मथळ्यासारखं. खाली फक्त १, २, ३ असे दिवस. म्हणजे महिना प्रत्येक ओळीवर खाली ओढत न्यायचा. २०१० पर्यंत बहुतेक टॅब, पुढे स्पेस, मध्येच एक वर्ष स्वल्पविराम. २०१४ च्या फाइलीत काही ठिकाणी दिसायला स्पेस, पण तुटतच नव्हती. अक्षराचा क्रमांक काढून पाहिला तर साध्या स्पेसचा असतो ३२, हिचा निघाला १६०. ही न तुटणारी स्पेस, वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात सर्रास येते. आधी तिची साधी स्पेस करून घेतली. २०१६ पासून माझ्या चुलतभावाने नवा मराठी कीबोर्ड घालून दिला होता, म्हणून अंकही मराठी. "आर"ला ८४.२ असं देवनागरीत दिलं तर ते त्याला संख्या मानत नाही, रिकामं सोडतं. दहा अंक दहा अंकांनी बदलणारी एक ओळ लिहून ते मिटलं.

पावसाच्या कॉलममध्ये चार वेगळ्या गोष्टी होत्या: 0, ", - आणि काहीच नाही. मला त्या सगळ्या शून्य वाटल्या होत्या. फोन करून विचारलं तर काका जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "अगं, शून्य म्हणजे पाऊस नाही. रेघ म्हणजे मोजलाच नाही. दोन्ही एक कसं होईल?" दुहेरी चिन्ह म्हणजे वरचाच आकडा, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत ते शून्याखाली ओळीने यायचं. रिकामं म्हणजे लिहायचं राहिलं. मी रेघ आणि रिकामं दोन्ही "माहीत नाही" धरलं, पण कारण वेगळ्या कॉलममध्ये जपलं. त्या "5-6" चंही तसंच. दोन दिवसांत अर्धा अर्धा वाटला नाही. पाच तारीख रिकामी, सहाला पूर्ण आकडा, शेजारी "दोन दिवसांचा" अशी नोंद.

तुकडे नीट पडले हे कळणार कसं? इथे काकांनीच सोय करून ठेवली होती. दर महिन्याच्या शेवटी "एकूण" लिहून कॅल्क्युलेटरवर केलेली बेरीज. सुरुवातीला त्या ओळी मी अडगळ म्हणून गाळत होते! पाच महिने गुणिले एकोणीस वर्षं, पंचाण्णव बेरजा. माझ्या आकड्यांची बेरीज करून समोरासमोर लावली. पहिल्या फेरीत ६१ जुळल्या.

न जुळणाऱ्या प्रत्येक महिन्यामागे काहीतरी होतं. ऑगस्ट २००४ ची माझी बेरीज नेमकी दहाने कमी. एकेक दिवस तपासला तेव्हा एका ओळीत १२.५ च्या जागी माझ्याकडे २.५ दिसला. मूळ ओळीत एकच्या जागी इंग्रजी स्मॉल एल होता. जुन्या कित्येक टाइपरायटरवर एक अंकाची वेगळी कळ नसायची, एल दाबूनच एक काढत. काकांची बोटं तशीच घडलेली. आणि मी कोडमध्ये "आकडा आणि टिंब सोडून बाकी सगळं काढ" असं लिहिलं होतं, त्यामुळे तो एल कचरा म्हणून गेला आणि मागे अगदी खरा वाटणारा चुकीचा पाऊस राहिला. २.५ पाहून कोणालाही शंका आली नसती. तेव्हापासून मी संख्येतून अक्षरं पुसत नाही. जे संख्येसारखं दिसत नाही ते बाजूला काढते आणि बघते. दुसऱ्या फेरीत ८८ जुळल्या, चौथ्या फेरीत ९४.

मधल्या काळात एक गोष्ट लक्षात आली, जी माझ्या मनातून अजून जात नाही. काही ओळींच्या शेवटी # असं चिन्ह होतं. रीड.टेबल # पासून पुढचं सगळं टिप्पणी समजून टाकून देतं, म्हणून पहिल्या प्रयत्नात मला ते दिसलंच नव्हतं. मोजले तर २१२ दिवस. काकांना विचारलं. "त्या दिवशी हिने मोजलं." काकांना लवकरची गाडी पकडायची असली की काकू गच्चीवर जायच्या. घरात कोणी कधी बोललं नव्हतं. ती दोनशे बारा चिन्हं तेवढी होती. आता तक्त्यात "कोणी मोजले" असा कॉलम आहे.

हवामान खात्याचे सांताक्रूझचे रोजचे आकडे वर्गात शिकवण्यासाठी माझ्याकडे होतेच. शेजारी लावले तर २००८ पर्यंत काकांचा पाऊस एक दिवस आधी पडत होता. खातं सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्याच सकाळच्या तारखेला लावतं. काका सुरुवातीला तो आदल्या दिवसाच्या नावावर लिहीत. "काल पडला तो कालचाच ना?" पुढे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी जुळेना म्हणून २००९ पासून पद्धत बदलली, पण फाइलीत तसं कुठे लिहिलं नाही. कोडमध्ये एक ओळ घातली आणि त्यावर काकांचं कारण त्यांच्याच शब्दांत टिपलं.

आता २६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला पंचाहत्तरही नाही. एकाच शहरात. कोणाच्या तरी गच्चीवरचा तिसरा आकडा का मोलाचा, ते यावरून समजावं. काकांच्या फाइलीत ती ओळ अशी आहे:

26   118+121+124+ नंतर भां. वाहिले   #

शेवटी #. काका त्या दिवशी कचेरीतच अडकले होते, गाड्या बंद, दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. ओळ त्यांनी नंतर लिहिली, मोजलं काकूंनी. मी त्यांना विचारायला मुद्दाम मुलुंडला गेले. काकू चहा टाकता टाकता सांगत होत्या: "तीनदा बाटली रिकामी केली. कागदावर लिहून डब्याखाली ठेवलं. चौथ्यांदा गेले तर भांडं भरून बाहेर वाहत होतं. किती वाहून गेलं ते मी कसं सांगू?"

कोडला हा आकडा नव्हताच, नुसता मजकूर. अधिक चिन्हांवर तोडून बेरीज केली तर ३६३ येतात. पण ३६३ हा त्या दिवसाचा पाऊस नाही, "किमान ३६३" आहे. शेवटच्या १२४ नंतरही एक अधिक चिन्ह आहे, पुढे काहीच नाही. तेच सगळं सांगतं. महिन्याच्या "एकूण"पुढेही काकांनी तसंच एक मोकळं + सोडलं होतं. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड निरीक्षण म्हणतात आणि त्यासाठी वेगळ्या रीती आहेत. मी शेजारी "खालची मर्यादा" अशी खूण केली, म्हणजे सरासरी काढताना कोणी तो पूर्ण पाऊस समजणार नाही. साफसफाईच्या नादात ते शेवटचं अधिक चिन्ह पुसलं गेलं असतं तर काकूंनी जे प्रामाणिकपणे सांगितलं तेच पुसलं गेलं असतं.

शेवटी तक्ता तयार झाला. २,९०७ ओळी, १ जून ते ३१ ऑक्टोबर, एकही तारीख गाळलेली नाही, एकही दोनदा नाही. पंचाण्णवपैकी एक महिना मात्र काही केल्या जुळेना, सप्टेंबर २०११, अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तीस दिवसांच्या मूळ ओळी मी दोनदा वाचल्या, अक्षर न् अक्षर तपासलं. काही सापडलं नाही.

काकांकडे गेले. त्यांनी कॅल्क्युलेटर मागितला, मोठ्या कळांचा. मी एकेक दिवस मोठ्याने वाचत गेले, ते दाबत गेले. शेवटी यंत्र माझ्यासमोर धरून म्हणाले, "किती आलंय, वाच." माझाच आकडा आला होता.

"म्हणजे बेरीज माझीच चुकली होती," ते म्हणाले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण मूळ फाइलीला हात लावू नकोस. शेजारी टीप लिही. आज तपासलं म्हणून तारीख घाल."