आरएक्स ५८०, जीटीएक्स १०६० आणि पुण्यातला एप्रिल

पुण्यातल्या तापकीर गल्लीत चौकशी करा नाहीतर ऑनलाइन जुना बाजार चाळा, कमी बजेटवाल्यासमोर गेमसाठीची दोन जुनी ग्राफिक्स कार्डं हमखास येतात: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० (२०१६) आणि एएमडीचं आरएक्स ५८० (२०१७). कागदावर ५८० सरस. मेमरीपर्यंत २५६ बिटची बस (डेटाची वाट), त्यावरून सेकंदाला २५६ जीबी डेटा, म्हणजे बँडविड्थ, आणि ८ जीबी मेमरी. १०६० कडे १९२ बिट, १९२ जीबी आणि ६ जीबी. पण १०६० चं १२० वॉटमध्ये भागतं, ५८० ला १८५ लागतात. रोज चार तास गेम खेळणाऱ्याच्या बिलात महिन्याला आठेक युनिटांचा फरक पडेल, तो फार नाही. खरी अडचण आहे ते जास्तीचे ६५ वॉट मे महिन्यात बंद खोलीत ओतण्याची.

गेम कार्डाशी डायरेक्टएक्स किंवा वल्कन या सॉफ्टवेअरमधून बोलतो. डायरेक्टएक्स ११ चे जुने गेम १०६० वर चांगले चालतात. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कनमध्ये ५८० पुढे जातं. पॉवर सप्लाय धड असेल तर माझं मत ८ जीबीच्या ५८० ला. ३ जीबीचं १०६० मात्र स्वस्त मिळालं तरी नको. त्यात मेमरी तर अर्धी आहेच, शिवाय हिशोब करणारे छोटे कोअरही १२८० ऐवजी ११५२ आहेत, आणि हे खोक्यावर कुणी ठळक छापत नाही.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) न्या. ५८० चे शेडर (एएमडीच्या कार्डातले छोटे कोअर) २३०४ दिसायला हवेत. २०४८ दिसले तर ते ‘२०४८ एसपी’ कार्ड, म्हणजे नाव बदललेलं खालचं आरएक्स ५७०; भाव त्याच हिशोबाने करा. एनव्हिडियाच्या जुन्या फर्मी पिढीतल्या चिपवर १०६० चा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून विकलेली बनावट कार्डंही फिरतात. जीपीयू-झेड त्यांच्या नावापुढे ‘फेक’ लिहून देतं. एवढ्यावर न थांबता युनिजीन हेवन (कार्डावर ताण देऊन स्कोअर सांगणारी चाचणी) दहा मिनिटं चालवायला लावा. दुकानदार कुरकुर करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि ढिगाने ५८० बाजारात आली. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईटच, असं नाही. तिथे कोअर (कार्डाची मुख्य चिप) बहुधा कमी व्होल्टेजवर चालवलेला असतो. झिजतात ते पंखे. बोटाने फिरवून बघा, खरखर लागली की बेअरिंग गेलं. दुसरी खोच बायोसची: मायनिंगसाठी मेमरी टायमिंग बदललेला बायोस असेल तर एएमडीचा ड्रायव्हर कार्ड नाकारतो आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ ही चूक येते. काही कार्डांवर बायोस बदलायचा छोटा स्विच असतो, आधी तो सरकवून बघा. नाहीच जमलं तर त्याच मॉडेलचा आणि त्याच मेमरी कंपनीचा मूळ बायोस परत चढवावा लागतो.

कार्ड घेतल्यावर ओव्हरक्लॉकच्या (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) आधी साफसफाई, यात सूट नाही. हीटसिंक काढा, चिपवरची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पेस्ट पूर्ण चिपवर पातळ पसरवा. सीपीयूसारखा मध्ये थेंब ठेवून भागत नाही, कारण इथे वर झाकण नसतं. कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच भाग तापतो. चार स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे आवळा. थर्मल पॅड (उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी मऊ पट्टी) बदलणार असाल तर जुन्याची जाडी मोजा. १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा घातला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. ‘पेस्ट बदलली तरी तापतंच’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

आता आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाचा वेग बदलायचा प्रोग्रॅम. पॉवर लिमिट शेवटपर्यंत सरकवा आणि मेमरीपासून सुरुवात करा. या कार्डांना बँडविड्थची भूक जास्त. १०६० वर आफ्टरबर्नर ४००४ मेगाहर्ट्झ दाखवतो, ते ८ जीबीपीएस (मेमरीच्या एका पिनवर सेकंदाला ८ गिगाबिट). १००-१०० ने वाढवत न्या. +४५० ला जवळपास ८.९ जीबीपीएस होतात, म्हणजे बँडविड्थ ११ टक्क्यांनी वाढते. ५८० वर हाच आकडा २००० दिसतो, तिथे २५ ची पायरी पुरे.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना फसवते. या कार्डांच्या जीडीडीआर५ मेमरीत चुकलेला डेटा पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी पडद्यावर ठिपके दिसतीलच असं नाही. स्कोअर मात्र गुपचूप खाली येतो. प्रत्येक पायरीला हेवनचा स्कोअर लिहून ठेवा. वाढायचा थांबला की दोन पायऱ्या मागे या. ५८० वाल्यांना एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये मेमरी एररची मोजणी दिसते. ती शून्यावरच राहायला हवी.

कोअरचा क्लॉक (चिपचा वेग) सगळ्यात शेवटी, २५-२५ ने. १०६० तापलं की दर काही अंशांनी साधारण १३ मेगाहर्ट्झची पायरी उतरतं, म्हणून पंख्याचा वेग वाढवूनही थोडा क्लॉक पदरात पडतो. ५८० बाबत माझा सल्ला उलटा: क्लॉक वाढवू नका, व्होल्टेज उतरवा. ११५० मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर १०८० पर्यंत हळूहळू खाली या. कार्ड थंड राहतं, बूस्ट (वाढीव वेग) टिकतो. यात एक गंमत आहे: ड्रायव्हरमधला ‘मेमरी व्होल्टेज’चा आकडा मेमरीचा नसतोच, तो कोअर व्होल्टेजची खालची मर्यादा ठरवतो. तो वर राहिला तर कोअरचं व्होल्टेज कितीही उतरवा, फरक पडणार नाही.

पॉवर सप्लायची ८ पिनची वायर १५० वॉटची, ६ पिनची ७५ ची, मदरबोर्डच्या स्लॉटचे ७५. मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनी कनेक्टरवरून) ६ पिन काढणारा जुगाड ५८० ला लावू नका; पिवळी वायर आधी गरम होते, मग कनेक्टर वितळतो.

पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा बारावर असताना लावलेली सेटिंग एप्रिलच्या चाळीस अंशांत गेम बंद पाडते. थंडीत ट्यून केलं असेल तर कोअर २५-५० ने कमी ठेवा, किंवा आफ्टरबर्नरमध्ये उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची दोन प्रोफाइलं वेगळी सेव्ह करा. विंडोज सुरू होतानाच सेटिंग लागू करायचं बटण मात्र आठवडाभर रोजचे गेम खेळून झाल्यावरच दाबा. नाहीतर सेटिंग चुकली तर मशीन डेस्कटॉपवर येता येताच अडकेल आणि सेफ मोडमधून आफ्टरबर्नर काढावा लागेल.