चिंचोक्यांचे गणित

पहिलीच्या बेरजेला मराठवाड्यात चिंचोक्यांइतके स्वस्त साधन नाही. 5 चिंचोके एका बाजूने खरबरीत दगडावर घासा, पांढरे दिसेपर्यंत. दोघांच्या जोडीने ते फेकायचे: 3 पांढरे, 2 काळे. पाटीवर 3 आणि 2 लिहायचे. वीसेक डावांत 5 चे बहुतेक तुकडे (4 आणि 1, 3 आणि 2 असे) आपसूक समोर येतात. मग 10 घ्या.

फसते कुठे? घासलेली बाजू फुगीर राहिली तर चिंचोका डुगडुगतो, सपाट करा. दुसरे म्हणजे गुरुजींची घाई. मूल बोट ठेवून 1 पासून मोजत असेल तर मोजू द्या, उत्तर पुरवू नका. अंगणवाडीतल्या लहानग्यांना मात्र चिंचोके देऊ नका, ते नाकात घालतात. सीताफळाच्या बिया तर कुणालाच नकोत. विषारी असतात, डोळ्यांना इजा करतात.