वरच्या बोल्टापासून निघालेली चीर

इंजिन धरणाऱ्या ब्रॅकेटला चीर गेली होती. वरच्या डाव्या बोल्टाच्या भोकातून निघून तिरकी खाली. नवऱ्याला तो रंगावरचा ओरखडा वाटला. मी नख फिरवलं, तर नख अडकलं.

आमची शिडाची बोट 22 फुटी, फायबरग्लासची, 1978 सालची. अ‍ॅनापोलिसजवळच्या एका खाडीत, अमेरिकेत, उभी असते. शिडाची बोट आहे तर इंजिन कशाला, हे भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात. त्यांना एकदा ऑगस्टमध्ये इथल्या चेसापीक उपसागरावर न्यायला हवं. वारा साफ पडलेला असतो, शीड लोंबत असतं, आणि दुपार कलली की पश्चिमेकडून विजांचं वादळ चढून येतं. अशा वेळी घरी आणतं ते सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. ते बोटीच्या पिछाडीला, ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीवर, स्प्रिंगच्या ब्रॅकेटवर बसवलेलं असतं. शीड भरलं की वर उचलायचं, धक्क्याकडे वळताना खाली सोडायचं.

"अगं, वेल्ड करून टाकू की," नवरा म्हणाला. आमच्या धक्क्यावर एक निवृत्त वेल्डर आहेत, जन्म गोदीत गेलेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चीर बघितली. म्हणाले, वेल्ड करून देतो, पण इंजिनाला एक दोरी बांधून ठेवा. हे ओतीव अ‍ॅल्युमिनियम, त्यात इतकी वर्षं खारं पाणी मुरलेलं. वितळवलं की वेल्ड बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो. तो धरलाच तरी शेजारचा भाग उष्णतेने नरम पडतो आणि पुढची चीर तिथून जाते. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थोपवतात, पण ते तात्पुरतं. ब्रॅकेट नवीन घ्यायचा, हे तिथेच ठरलं.

मला मात्र चीर तिथेच का गेली, हे छळत होतं. (शाळेत फिजिक्स शिकवते, सवय जात नाही.) सगळे म्हणतात इंजिनाचं वजन. आमचं फोर-स्ट्रोक सुमारे 26 किलो. वजनाचा मध्य ट्रान्समपासून 35 सेंटीमीटर मागे आणि ब्रॅकेटच्या, ट्रान्समला बोल्टांनी लावलेल्या पट्टीची उंची 20 सेंटीमीटर धरली, तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून साधारण 45 किलोची ओढ येते. आता जोर बघा. पूर्ण थ्रॉटलला असं इंजिन अंदाजे 50 किलोचा रेटा देतं, आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) पट्टीच्या खालच्या कडेपासून 60 सेंटीमीटर खाली. पंखा पुढे ढकलतो, खालची कड ट्रान्समवर रुतते, वरचे बोल्ट मागे खेचले जातात. ही ओढ दीडशे किलो! रिव्हर्स टाकला की उलटं, खालच्या बोल्टांवर. म्हणजे प्रत्येक वेळी धक्क्याला लागताना ती पट्टी पुढेमागे वाकत आली होती. तार वाकवून वाकवून तोडतात तोच प्रकार, फक्त पंचेचाळीस वर्षांचा. त्यात आधीचे मालक इंजिन न काढता बोट ट्रेलरवर घालून गावोगाव हिंडवत. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ते वजन कितीतरी पटीने हिसका देतं.

आणि इतकी ओढ येते तर बोल्ट ज्या भिंतीत आहेत तिचं काय? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम वाजवत गेले. माठ घेताना बोटाने वाजवतो, तसंच. कडेला टणटणीत, वरच्या दोन बोल्टांभोवती बद्द. भिंत आतून पोकळ झालेली किंवा भिजलेली. नवा ब्रॅकेट त्यावर चढवून भागणार नव्हतं.

इंजिन उतरवणं हे स्वतंत्र प्रकरण. वेंगुर्ल्याला आमच्या मामांची होडी ओहोटीला वाळूत बसायची, मग इंजिन दोघांनी खांद्यावर घेतलं की झालं. इथे भरती-ओहोटीत जेमतेम फूटभराचा फरक, बोट कायम पाण्यात. शिडाच्या खालच्या आडव्या काठीच्या टोकाला कप्पी लावली, इंजिन हळूहळू वर घेतलं आणि काठी धक्क्याकडे फिरवली. शिवाय एक सुटी दोरी बांधलेली होतीच, वेल्डरसाहेबांच्या शब्दाला मान देऊन.

मागच्या कप्प्यात शिरायचं काम माझ्याकडे आलं, कारण नवरा त्यात मावत नाही. आत बघते तर नटांखाली नुसते छोटे वायसर! ते फायबरग्लासमध्ये रुतून बसलेले. एवढ्या ओढीला नाण्याएवढी जागा. पाना लावून पहिला नट सोडवला, बाहेरून नवऱ्याने बोल्ट ठोकला, आणि भोकातून तपकिरी पाणी माझ्या मनगटावर ओघळलं. दोन फायबरग्लासच्या थरांमधलं प्लायवूड कुजलं होतं.

बाहेरचा थर चांगला होता, त्यामुळे सगळं आतून केलं. आतल्या थराचा चौकोन कापून काढला, पटाशीने कुजकं लाकूड खरवडलं, कोरडं आणि कडक लाकूड लागेपर्यंत. जेवढं काळं दिसतं तेवढंच काढून थांबण्याचा मोह होतो. ओल त्याच्याही पुढे गेलेली असते. मग हवेचा पंखा लावून वाळू दिलं. घाई करू नये, ओल्या लाकडाला इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून कडक होणारा गोंद) धरत नाही.

जुलैतल्या उकाड्यात इपॉक्सी म्हणजे परीक्षाच. पेल्यात जास्त कालवून ठेवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धुरावतं आणि दगड होतं. वेस्ट सिस्टिमचं 105 रेझिन घेतलं आणि सर्वांत संथ असलेलं 209 हार्डनर, तीनास एक. थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं. मरीन प्लायचा नवा तुकडा दाट इपॉक्सीत बसवला, कापलेल्या थराच्या कडा लांब उतरत्या घासल्या आणि त्यावर काचेच्या कापडाचे थर, लहानापासून मोठ्यापर्यंत. कप्प्यात रेस्पिरेटर लावून आडवं पडून हे करताना मला घामाचा आणि रेझिनचा फरक कळेनासा झाला होता.

बोल्टांची भोकं थेट पाडली नाहीत. 8 मिलिमीटरच्या बोल्टासाठी आधी 16 चं भोक, ते दाट इपॉक्सीने भरायचं, कडक झालं की मधोमध 8 चं. म्हणजे उद्या सील गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. आतून वायसरच्या ऐवजी जी-10 ची, म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी दाबून केलेल्या कडक पत्र्याची, जाड पट्टी, चारही बोल्टांना मिळून एक. स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, जुन्या भोकात पांढरी पूड होती ती त्याचीच. म्हणून या वेळी बोल्टांना टेफ-जेल, हे गंज रोखणारं वंगण, चोपडलं. सीलसाठी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ रबरी चिकटपट्टी. पाण्याच्या रेषेच्या वरच्या कामाला 5200 हा कायमचा चिकटणारा सीलंट लावणाऱ्यांनी तो ब्रॅकेट पुन्हा कधी काढायचा नाही असं ठरवलेलं असावं. बाहेरचं बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं आणि फक्त नट फिरवायचा, नाहीतर ब्युटाइल पिळवटून जातं.

नवा ब्रॅकेट निवडताना हॉर्सपॉवरबरोबर वजनाची मर्यादाही बघितली. जुना टू-स्ट्रोकच्या काळातला होता. त्याच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक सहसा जड असतं.

मग बोट धक्क्याला चारी दोऱ्यांनी बांधून थ्रॉटल पूर्ण उघडला. मी पुन्हा कप्प्यात, हात जी-10 च्या पट्टीवर, टॉर्च दातात. नवरा वरून ओरडतोय, "हलतंय का?" पट्टी जागची हलली नाही. पुढच्या फेरीनंतर वरच्या दोन्ही नटांवर थोडा पीळ बसला, ब्युटाइल दबल्यावर बसतोच. आता तक्रार एकच, नवी स्प्रिंग इतकी कडक आहे की इंजिन खाली ढकलायला मला ब्रॅकेटवर अर्धं लटकावं लागतं.