मॅग्नममध्ये मध्यम लोड आणि ओतीव शिशाची बुलेट

मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतलं आणि त्यात हळू जाणारी काडतुसं भरतोय म्हटलं की कोणीतरी विचारतंच, मग मॅग्नम घेतलंच कशाला? उत्तर सोपं आहे. .३५७ (इंचातला व्यास) चा फुल लोड, म्हणजे पूर्ण ताकदीने भरलेलं काडतूस, पहिल्या सिलिंडरपुरती मजा देतो, नंतर मनगट कुरकुरतं आणि त्याहून वाईट म्हणजे ट्रिगर दाबायच्या आधीच माणूस दचकायला लागतो, आणि ही दचकायची सवय एकदा हातात बसली की काढायला फार वेळ जातो. शिवाय कागदाच्या टार्गेटला भोक पाडायला १५०० फूट प्रति सेकंद वेग लागत नाही.

.३५७ मॅग्नम १९३५ साली आलं. .३८ स्पेशलचीच केस (काडतुसाचं पितळी कवच), फक्त साधारण १३५ हजारांश इंच लांब केलेली, म्हणजे जुन्या कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकून कोणी भरू नये. दाबाची मर्यादा बघा: .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .३५७ ला ३५,०००. .४४ चं पण असंच, स्पेशलला १५,५०० आणि मॅग्नमला ३६,०००. ह्या दोन आकड्यांच्या मधली जी ऐसपैस जागा आहे तीच मध्यम लोडची जागा, रिव्हॉल्व्हरवर ताण नाही, पितळी केसेस भरपूर वेळा वापरता येतात, आणि शिशाच्या बुलेटला तर हाच पट्टा मानवतो. माझी पसंती .३५७ मध्ये १५८ ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक) बुलेट ९०० ते १००० फूट प्रति सेकंदाच्या आसपास, .४४ मध्ये २४० ग्रेनची थोडी त्याखाली.

आता खरा विषय, बॅरलमध्ये शिसं चिकटणं. सगळ्यांचा पहिला सल्ला एकच असतो: बुलेट कडक कर. मला हे अर्धवट वाटतं, आणि मध्यम लोडसाठी तर बऱ्याचदा उलटंच. शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा (कडकपणाचं माप) ५ च्या आसपास, गाडीच्या चाकाला लावायच्या जुन्या वजनांचं शिसं ११-१२, आणि छापखान्यातलं लायनोटाइप २२ च्या घरात (अँटिमनी आणि कथील भरपूर, म्हणून एवढं कडक). एक ढोबळ हिशोब लोक वापरतात, ब्रिनेल आकडा गुणिले १४२२, येईल तेवढ्या पीएसआयला बुलेटचं बूड दबून पसरायला लागतं आणि बॅरलचे खाचे बंद करतं. १२ ला गुणलं तर साधारण १७,०००. २२ ला गुणलं तर ३१,००० च्या वर! म्हणजे मध्यम दाबाच्या लोडमध्ये लायनोटाइपची बुलेट टाकली आणि ती मापाने जराशी जरी लहान असली तरी ती पसरणार नाही, बाजूच्या फटीतून तापलेला गॅस पुढे पळणार, बुलेटच्या कडा वितळवणार आणि ते शिसं बॅरलला फासणार. मग माणूस आणखी कडक शिसं शोधतो. चाललंय चक्र.

हा हिशोब म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. बुलेट मापात असेल तर कडकपणाचं महत्त्व खूप कमी होतं, १२ वाली पण चालते आणि १५ वाली पण. सगळा खेळ मापाचा आहे, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये माप एकाच जागी घेऊन भागत नाही.

बुलेट सिलिंडरच्या थ्रोटमधून (चेंबरच्या पुढच्या अरुंद भागातून) निघते, फोर्सिंग कोनमध्ये (बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडात) शिरते, मग बॅरल. थ्रोट बॅरलच्या खाच्यांपेक्षा किंचित मोठा हवा, अर्धा ते एक हजारांश इंच, आणि बुलेट थ्रोटमधून बोटाने ढकलली की जरा अडून पुढे गेली पाहिजे. आपोआप खाली पडली तर लहान आहे. साधारणपणे .३५७ ला .३५८ आणि .४४ ला .४३० किंवा .४३१ माप चालतं, पण हे "साधारणपणे" आहे, आपल्या रिव्हॉल्व्हरचं माप आपणच मऊ शिशाचा तुकडा आत ढकलून घ्यायचं. थ्रोट जर बॅरलपेक्षा लहान निघाले तर कितीही भारी बुलेट आणा, ती थ्रोटमध्येच आवळली जाणार आणि बॅरलला पोचेपर्यंत बारीक झालेली असणार. तिथे उपाय एकच, चांगल्या गनस्मिथकडून थ्रोट रीम करून, म्हणजे आतून किंचित मोठे कोरून घेणं. दुसरी लपलेली जागा म्हणजे बॅरल जिथे फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवलेलं असतं, तिथे काही रिव्हॉल्व्हरमध्ये आतून जराशी गळचेपी झालेली असते. शिशाचा तुकडा ढकलताना तिथे हाताला अडकल्यासारखं लागतं.

आणि एक जागा जी फार कोणी बघतच नाही: केस. केसचं तोंड उघडणारा प्लग बऱ्याच वेळा जॅकेटवाल्या (वर तांब्याचं आवरण असलेल्या) बुलेटच्या मापाचा असतो, त्यामुळे केस आतून घट्ट राहते आणि मऊ बुलेट बसवताना तिचं बूड आवळून टाकते. .३५८ ची बुलेट भरली, मग एक काडतूस उघडून मोजली आणि .३५६ निघाली, तर शिसं चिकटण्याचं कारण बॅरलमध्ये शोधून काय उपयोग.

शिसं कुठे चिकटलंय तेही बोलतं. फोर्सिंग कोनजवळ असेल तर आधी मापावर संशय घ्या. तोंडाकडच्या टोकाला असेल तर बहुतेक ल्यूब (बुलेटला लावलेलं वंगण) वाटेतच संपतंय.

पावडरबद्दल मी कडक आहे. एच ११० आणि डब्ल्यू २९६ सारख्या हळू जळणाऱ्या बॉल पावडर फुल लोडसाठी आहेत, त्या कमी करून मध्यम लोड बनवायचा नाही म्हणजे नाही. कंपनी स्वतः सांगते ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका, कारण दाब कमी पडला की ती पावडर नीट जळत नाही आणि बुलेट बॅरलमध्येच अडकू शकते, आणि त्यामागे दुसरी गोळी गेली तर पुढचं सांगायला नको. मध्यम कामाला युनिक, एचपी ३८ अशा जलद ते मध्यम पावडर. पण ह्यांचा धोका दुसऱ्या बाजूला: चार्ज एवढासा आणि मॅग्नम केस एवढी मोठी, की दुप्पट चार्ज पडला तरी आरामात मावतो. म्हणून सगळ्या केसेस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्चने एकेक बघायची आणि मगच बुलेट बसवायची, ह्यात घाई नाही, गप्पा नाहीत, फोन नाही. चार्जचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही. पावडर कंपनीचं चालू मॅन्युअल उघडा, त्याच वजनाच्या शिशाच्या बुलेटचा डेटा बघा आणि खालून सुरुवात करा. आणि हे सगळं तुमच्याकडच्या कायद्यात बसत असेल तरच, ते वेगळं सांगायला नको.

मोठ्या केसमध्ये कमी पावडर म्हणजे ती इकडेतिकडे सरकते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर एकदा नळी वर करून पावडर प्रायमरकडे (केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीकडे) आणा आणि मारा, मग खाली झुकवून पुढे सरकवा आणि मारा. वेगात मोठा फरक दिसला तर पावडर बदला. ह्या एका चाचणीने मला ग्रुपच्या (टार्गेटवरच्या भोकांच्या पसाऱ्याच्या) मापापेक्षा जास्त कळतं. क्रिंप (केसचं तोंड आत दाबून बुलेट पकडणं) मात्र लोड हलका आहे म्हणून सोडू नये, बुलेटच्या क्रिंपच्या खाचेत नीट रोल क्रिंप, त्याने पावडर जरा एकसारखी पेटते आणि झटक्याने बुलेट पुढेही सरकत नाही.

.३८ च्या केसेस वापरून .३५७ मध्ये मारणं हा सोपा मार्ग आहेच, पण चेंबरमध्ये केसच्या तोंडापुढे काजळी आणि ल्यूबचं कडं जमतं आणि मग मॅग्नम केस आत जायला नखरे करते. म्हणून मी मॅग्नम केसमध्येच मध्यम लोड भरतो. ज्यांना .३८ च आवडतात त्यांनी प्रत्येक सत्रानंतर ब्रॉन्झ ब्रश चेंबरच्या पुढच्या भागापर्यंत फिरवायचा, आणि साफसफाई असो की ओतकाम, जेवायच्या आधी हात साबणाने धुवायचे, शिसं आहे ते.