आमची वाटचाल : फोटो कुठल्या महिन्यातला?

नाशिकला दहा बाय बाराच्या गाळ्यात सौ.ने आणि मी २००९ साली प्रवासाचा व्यवसाय सुरू केला. अष्टविनायक, कोकण दर्शन, मग केरळ, राजस्थान. तिकिटं आणि हिशेब ती बघायची, प्रवाशांबरोबर मी जायचो. आमच्याबरोबर दरवर्षी ताडोबाला येणारी काही मंडळी एकदा म्हणाली, आता केनियातलं मसाई माराचं जंगल करा की. मलाही तेच हवं होतं. २०१३च्या मे महिन्यात पहिली तुकडी काढली, चौदा जणांची. मे का, तर शाळांना सुट्टी. यापलीकडे विचारच केला नव्हता.

पत्रकावर मारा नदीत उड्या घेणाऱ्या विल्डबीस्टचा, म्हणजे गाईच्या तोंडवळ्याच्या तिथल्या मोठ्या हरणांचा, फोटो छापला होता. गेलो तर आभाळ भरलेलं. तिथे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. काळ्या चिकट मातीत गाडी दोनदा रुतली. सिंह, हत्ती, जिराफ दिसले, पण नदीकाठ रिकामा. कळप तेव्हा सीमेपलीकडे टांझानियात, सेरेंगेटीत होते. चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एका निवृत्त गुरुजींनी ते पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हा फोटो कुठल्या महिन्यातला?"

फोटो ऑगस्टमधला होता. मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. परत आल्यावर प्रत्येकाला काही रक्कम परत केली. वर्षाची कमाई त्यातच गेली. सौ. एवढंच म्हणाली, "आधी स्वतः बघून या, मग विका."

पुढच्या फेब्रुवारीत मी एकटा टांझानियात गेलो. सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटू म्हणून भाग आहे. आमचा चालक-गाइड तिथेच वाढलेला, पन्नाशीचा माणूस. मी वही काढून तारखा विचारायला लागलो, तर त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. स्वाहिलीत पावसाला म्वुआ म्हणतात आणि विल्डबीस्टला न्युंबू. पाऊस कुठे पडला ते आधी विचार, न्युंबू कुठे आहेत ते आपोआप कळेल, असं त्याचं म्हणणं. आजही आम्ही सहल आखतो ती त्याच शिकवणीवर.

गणित असं आहे. साधारण १३ लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर दोनेक लाख झेब्रे ओल्या चाऱ्यामागे वर्षभर गोल फिरतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस झाला की दक्षिणेच्या माळांवर येतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची. खाली कडक थर असल्यामुळे झाड रुजत नाही, गवत आखूड राहतं, पण त्यात चुना आणि स्फुरद भरपूर. दूध देणाऱ्या आईला हाच चारा हवा. म्हणून विणीचा हंगाम इथे, जानेवारीअखेर ते मार्च, ऐन भर फेब्रुवारीत. पण माळावर बारमाही पाणी नाही. मोठा पाऊस ओसरला की कळप वायव्येला सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदीच्या भागात असतात आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, मारा नदीच्या दोन्ही अंगांना. मग पुन्हा दक्षिणेकडे. पाऊस पुढेमागे झाला की हे सगळं दोन-तीन आठवड्यांनी हलतं.

२०१५च्या फेब्रुवारीत आठ जणांना घेऊन न्डुटूला गेलो. त्यात निफाडच्या एक आजी होत्या, सुनेबरोबर आलेल्या. सकाळी एक मादी कळपाच्या कडेला गोल गोल फिरत होती, बसत होती, उठत होती. गाइड सांगण्याआधीच आजी म्हणाल्या, "पहिलटकरीण दिसतेय गं." गाडी बंद केली. कुणी बोलेना. वासराचे पुढचे पाय दिसले, आजींचे हात पुढे झाले आणि थांबले. घरच्या गाईला त्यांनी कितीदा हात दिला असेल. वासरू खाली आलं, तशी आई वळून त्याला चाटू लागली. ते उठलं, पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा तोंडावर पडलं. लांब एक तरस बसून होतं, आजींची नजर आळीपाळीने दोघांवर. पाच-सात मिनिटांत वासरू चार पायांवर उभं राहिलं आणि थोड्या वेळात आईच्या कडेने धावत कळपात मिसळलं. आजींनी गाडीची दांडी सोडली, तर तळहातावर वळ उठलेले.

बहुतेक माद्या तीनेक आठवड्यांत वितात. एकाच वेळी इतकी वासरं आली की तरस-सिंहांनी खाऊन खाऊन किती खावीत! त्यातूनच कळप तगतो. हे कळल्यापासून फेब्रुवारी मला नदीपेक्षाही मोलाचा वाटतो, आणि गिऱ्हाईक नदीच मागत असलं तरी आम्ही तसं सांगतो.

नदीसाठी धीर लागतो. कळप काठावर येतो, धुळीत तास-तास उभा राहतो, पुढचं जनावर पाण्याला तोंड लावतं आणि एखाद्या झेब्र्याने मान वळवली की सगळे मागे. आम्ही एकदा साडेचार तास बसलो आणि काहीच झालं नाही. म्हणून नदीजवळ निदान तीन मुक्काम धरतो. कळप नदीत उतरतो त्या जागेपासून गाडी लांब ठेवायची, वाट अडवायची नाही, ही अट प्रवाशांना इथूनच सांगून ठेवतो. काही जणांना पटत नाही. ते दुसरीकडे गेले तरी चालेल.

दिवाळीचं मात्र दरवर्षी नव्याने बघावं लागतं. २०२२ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, माऱ्यात कळप मिळाले. २०२३ला अधिक श्रावण आला, दिवाळी १२ नोव्हेंबरवर गेली आणि त्यात पूर्व आफ्रिकेत पावसाने कहर केला. ती तुकडी आम्ही काढलीच नव्हती. सौ.ने कालनिर्णय उघडून जानेवारीतच नाही सांगितलं होतं.

मधली करोनाची दोन वर्षं कर्जावर काढली.

आता वर्षाला चारच तुकड्या नेतो, दोन फेब्रुवारीत, दोन गणपतीच्या आगेमागे. बहुतेक निवृत्त मंडळी, कारण त्यांना सुट्टी मागायची नसते. ऐनवेळी येणाऱ्यांना घेता येत नाही. पिवळ्या तापाची लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. मुलांना सुट्टी आहे, मेमध्ये मायग्रेशन दाखवा. आम्ही सांगतो, मेमध्ये ताडोबाला चला, पाणवठे आटलेले असतात, वाघ पाण्यावर येतो. आफ्रिका मुलांना ऑगस्टमध्ये दाखवू, शाळेतून आठ दिवसांची रजा काढा. दहांतले दोघे-तिघे काढतात.